चोवीस कॅरेट, चोवीस बिट

मागच्या मे महिन्यात जळगावात एका मित्राच्या घरी त्याची नवी म्युझिक सिस्टीम ऐकायला गेलो होतो. दुपारचे तीन वाजले होते. पारा पंचेचाळीसच्या पुढे. मित्राने मला सोफ्याच्या बरोब्बर मध्यभागी बसवलं. मग उठून त्याने कूलर बंद केला. मग पंखा. मग खिडक्या लावून घेतल्या, कारण खाली पाण्याचा टँकर उभा होता.

"आता ऐक भो," तो म्हणाला. "बॅकग्राउंड कशी काळीकुट्ट आहे बघ."

बालगंधर्वांचं एक जुनं नाट्यपद सुरू झालं. स्क्रीनवर सोनेरी शिक्का होता. हाय-रेज. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ. बॅकग्राउंड खरंच काळीकुट्ट होती. तबकडीची खरखर कुणीतरी सॉफ्टवेअरने इतकी घासूनपुसून काढली होती, की तिच्याबरोबर गळ्यातली धारही गेली होती. बालगंधर्व पाण्याच्या टाकीत बसून गातायत असं वाटत होतं. शर्ट पाठीला चिकटला होता. मित्र माझ्या तोंडाकडे बघत होता.

मी "वा!" म्हणालो.

हा लेख म्हणजे त्या खोट्या 'वा'ची परतफेड आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना चिडायचंय त्यांना शेवटपर्यंत थांबायला नको. घरात बसून गाणी ऐकणाऱ्याला हाय-रेज स्ट्रीमिंगचा उपयोग जवळजवळ शून्य आहे. पैसे जातात हे त्यातलं कमी महत्त्वाचं. खरं नुकसान हे, की या शिक्क्याच्या नादात आपण गाण्याबद्दल चुकीचे प्रश्न विचारायला लागलोय. आणि जिथे हे चोवीस बिट खरोखर लागतात, तिथे ते कुणीच वापरत नाहीये. तुम्ही नाही, मी नाही, माझा मित्र तर नाहीच.

शिक्का कशावर आहे?

आम्ही जळगावचे. सोन्याचं आम्हाला कुणी शिकवू नये. आमच्याकडे बाई सराफाकडे जाते ती घासाघीस करायच्या आधी टंच विचारते. १ एप्रिल २०२३ पासून तर दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकताच येत नाही. तो नंबर फोनवर टाकला, की दागिना कुणी तपासला आणि शुद्धता किती हे कळतं. शिक्का दागिन्यावर असतो. डबीवर नसतो.

हाय-रेजचा शिक्का डबीवर आहे.

२४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झ हे आकडे सांगतात ते फक्त फाइल केवढी आहे. आत काय आहे ते सांगत नाहीत. गाणं मूळ टेपवरून घेतलं, की तबकडीवरून, की कुणाच्या तरी सीडीवरून, की चक्क एमपी३ फुगवून मोठं केलं, हे त्या शिक्क्यावरून कळत नाही. लहान फाइल मोठ्या साच्यात ओतायला कॉम्प्युटरला काही सेकंद पुरतात. शिक्का दोघींना सारखाच.

बालगंधर्वांचंच उदाहरण घ्या. त्यांचा आमच्या गावाशी संबंध आहे. नारायण राजहंस लहानपणी जळगावात होते, इथेच मेहबूबखाँकडे गाणं शिकले. गावातलं खुलं नाट्यगृह त्यांच्या नावाचं आहे. त्यांच्या तबकड्या विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यातल्या. १९२५ च्या सुमाराला विजेचा मायक्रोफोन आला. त्याआधी गवई भोंग्यात तोंड घालून गायचे आणि आवाजाच्या धक्क्याने सुई मेणावर रेघ ओढायची. त्या रेघेत साधारण चार-पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही उतरत नसे. १९२ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये जागा असते ९६ हजार हर्ट्झपर्यंत. म्हणजे वीस मजली इमारत बांधायची, एका मजल्यावर बिऱ्हाड ठेवायचं आणि भाडं वीस मजल्यांचं घ्यायचं.

हिशोब करून बघा. त्या तीन मिनिटांच्या पदाची २४/१९२ ची न दाबलेली फाइल होते सुमारे २०७ एमबी. सीडीच्या दर्जाची होते ३२ एमबी. मधल्या पावणेदोनशे एमबीत आहे काय? बहुतांशी सुईची खरखर. आणि तीही आधीच पुसलेली.

कूलरचं गणित

आता थोडं तंत्र. घाबरू नका, दहावीच्या पलीकडचं नाही.

डिजिटल आवाज म्हणजे आवाजाच्या लाटेची सेकंदाला हजारो वेळा घेतलेली मापं. सेकंदाला किती मापं, ते किलोहर्ट्झ. प्रत्येक माप किती बारीक पट्टीने, ते बिट. १९८२ साली सीडी आली तेव्हा ठरलं : सेकंदाला ४४,१०० मापं, १६ बिटांची पट्टी. हा आकडा कुणाच्या लहरीने आलेला नाही. नायक्विस्ट आणि शॅनन यांच्या गणिताप्रमाणे, जेवढी मापं घ्याल त्याच्या निम्म्यापर्यंतची कंपनं पुरती परत उभी करता येतात. थोडीफार नाही, पुरती. ४४,१०० चे निम्मे २२,०५०. माणसाचा कान उमेदीत २०,००० पर्यंत ऐकतो आणि वयाबरोबर खाली येत जातो. जाहिरातीत सीडीच्या लाटेला पायऱ्या आणि हाय-रेजच्या लाटेला गुळगुळीत कमान काढलेली असते. ते चित्र दिशाभूल करणारं आहे. डॅकमधून बाहेर पडणारी लाट दोन्हीकडे गुळगुळीतच असते.

राहिले बिट. १६ बिटांत सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजात साधारण ९६ डेसिबलचं अंतर बसतं. २४ बिटांत कागदावर १४४. आता आमच्या घरातल्या कूलरचा आवाज ५५ डेसिबल धरा. त्या कूलरच्या वर १६ बिटांचा संपूर्ण आवाका ऐकायचा, तर वरचं टोक जाईल १५१ डेसिबलला. तिथे कानाचे पडदे शाबूत राहणार नाहीत. कूलर बंद केला तरी रात्रीची शांत खोली २५-३० डेसिबलची असतेच. म्हणजे सीडीचेच सोळा बिट आपल्या खोलीत मावत नाहीत आणि आपण चोवीस आणायला निघालोय.

त्यात आमच्याकडची खोली कशी? वर स्लॅब, खाली फरशी, चारी बाजूंना गुळगुळीत भिंती. टाळी वाजवली तर उत्तर येतं. तिथे लाखाच्या स्पीकरचा आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि सगळा चिखल होतो. मागच्या भिंतीवर एक जाड गोधडी टांगा, स्पीकर कोपऱ्यातून हातभर बाहेर ओढा. जो फरक पडेल तो तुमच्या आईलाही स्वयंपाकघरातून ऐकू येईल. पण गोधडीवर सोनेरी शिक्का नसतो, म्हणून तिची कुणी रील करत नाही.

आणि तुम्ही, जे हे फोनवर वाचताय, बहुतेक ब्लूटूथच्या बड्समध्ये गाणी ऐकत असाल. सीडीच्या दर्जाला सेकंदाला १,४११ किलोबिट लागतात. ब्लूटूथवर एलडॅकसारखा वरच्या दर्जाचा कोडेकसुद्धा ९९० ला थांबतो. बाकीचे बरेच खाली. ॲपने कितीही मोठी फाइल पाठवली, तरी फोन ती दाबून बारीक करतो आणि मग बड्सना देतो. हाय-रेजचे पैसे भरून ब्लूटूथवर ऐकणं म्हणजे केळीची अख्खी ट्रक बुक करून एक डझन घरी नेणं.

"तुझे कान तयार नाहीत"

हे मला पाच जणांनी ऐकवलंय. असेल. म्हणून माझे कान बाजूला ठेवू.

२००७ मध्ये मायर आणि मोरान या दोघांनी बॉस्टनमध्ये चाचण्या घेतल्या. हाय-रेज रेकॉर्डिंग, चांगल्या सिस्टीम्स. मध्येच श्रोत्यांना न सांगता तोच आवाज सीडीच्या दर्जातून गाळून दिला आणि विचारलं, कुठलं कोणतं? ५५४ वेळा विचारलं, २७६ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी एवढंच जमलं असतं.

आता दुसऱ्या बाजूचंही सांगतो, लपवत नाही. २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ राइस यांनी अशा अठरा अभ्यासांची एकत्र मोजणी केली, साडेबारा हजारांहून जास्त चाचण्या. बरोबर उत्तरं ५२.३ टक्के. आधी सराव दिलेल्या श्रोत्यांचं प्रमाण साठच्या आसपास. म्हणजे फरक कदाचित आहे. सराव केलेला माणूस, बंद खोलीत, जीव एकवटून, दहातल्या सहा वेळा तो ओळखतो. विज्ञानाला यात रस असणं बरोबर आहे. पण जाहिरातीत जो 'पडदा बाजूला झाल्यासारखा' फरक सांगतात, तो असा असतो का?

आणि ज्यांना फरक दिसतो त्यांना तो नेमका कशात दिसतो, हे २०२२ मध्ये कळलं. अमेरिकेतली मोबाइल फिडेलिटी ही कंपनी शौकिनांसाठी महागड्या एलपी काढते. शौकिनांची समजूत अशी, की या तबकड्या मूळ टेपवरून थेट कापलेल्या, डिजिटलचा स्पर्श नाही. वर्षानुवर्षं लोकांनी त्यातली 'ॲनालॉग ऊब' वाखाणली. मग बाहेर आलं, की अनेक तबकड्यांमध्ये मध्ये एक डिजिटल टप्पा होता. कंपनीने कबूल केलं. पण तोवर कानाने कुणीही तो पकडला नव्हता. कळलं ते विचारल्यावर, ऐकल्यावर नव्हे.

एमक्यूएचंही तसंच. २०१४ मध्ये वाजतगाजत आलेलं हे तंत्र छोट्या फाइलमध्ये हाय-रेज घडी घालून देण्याचं वचन देत होतं, त्यासाठी खास परवान्याची यंत्रं घ्यावी लागत. २०२३ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या दारात गेली. टायडल ही स्ट्रीमिंग सेवा फ्लॅककडे वळली. फ्लॅक २००१ पासून आहे, खुलं आहे आणि फुकट आहे.

यावरून कुणी म्हणेल, मग काय यूट्यूबवरून ओढलेलं एमपी३ ऐकायचं? नाही. दाबून दाबून चोथा केलेली फाइल आणि सीडीचा दर्जा यात फरक आहे. टाळ, झांजा, टाळ्यांचा कडकडाट, तिथे तो ऐकू येतो. लॉसलेस जरूर घ्या. ॲपल म्युझिकने २०२१ मध्ये ते जादा पैसे न घेता द्यायला सुरुवात केली, हे चांगलंच झालं. माझं भांडण सीडीच्या दर्जापर्यंतच्या रस्त्याशी नाही, त्यापुढच्या टोलनाक्याशी आहे.

"माझे पैसे, माझा आनंद, तुझं काय जातं?" हाही प्रश्न रास्त आहे. माझं काय जातं, ते आता सांगतो.

नाव कुठाय?

१९०२ साली कोलकात्यात गौहर जाननी तबकड्यांवर गाऊन घेतलं. त्या काळच्या तबकड्यांत गाणं संपलं, की गायिका स्वतःचं नाव इंग्रजीत मोठ्याने पुकारते. गंमत म्हणून नाही. मेणाची मूळ प्रत जर्मनीत हानोफरला जायची, तिथल्या कारागिरांना लेबल लावताना कळावं म्हणून. फाइलची माहिती फाइलमध्येच कोरलेली, तीही गळ्याने.

आता आजचं ॲप उघडा. बालगंधर्वांच्या कंपनीत तबल्याला अहमदजान थिरकवाँ होते, सारंगीला कादरबक्ष. विसाव्या शतकातले थोर वादक. त्यांची नावं त्या पदांखाली शोधून दाखवा. नाटक कुठलं, पद कुणाचं, साल कुठलं, शोधून दाखवा. १९२ किलोहर्ट्झ लिहायला जागा आहे, थिरकवाँ लिहायला नाही.

कारण आपण विचारत नाही. आपण विचारतो, "बिट किती?" गिऱ्हाईक जे विचारतं ते दुकानदार काचेत मांडतो. जुना ठेवा जपणाऱ्या कंपनीकडे दोन रस्ते असतात. एक, चांगली तबकडी शोधा, योग्य सुईने, योग्य वेगाने वाजवा, जाणकाराकडून हलक्या हाताने साफ करून घ्या, नावं लिहा. दोन, आहे ती फाइल मोठ्या साच्यात ओता. शिक्का दोन्हींना मिळणार असेल, तर पहिला रस्ता कोण धरेल? म्हणून मित्राचा शौक हा त्याचा एकट्याचा खासगी मामला राहत नाही. १९९० पासून मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सची हौशी मंडळी जुन्या तबकड्यांची माहिती जमवतायत, याद्या छापतायत. खरं हाय-रेज ते आहे.

माझी कॅसेट

आता माझा कबुलीजबाब. मित्राला हसणारा मी, माझ्याकडेही चौदा हजारांचा एक डॅक आहे. दोन वर्षांपूर्वी घेतला. डबीएवढा, निळा दिवा लागतो.

तो घेतला तेव्हा धुळे तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरात, माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत एक कॅसेट होती. १९९१ च्या श्रावणात कानबाईच्या रात्री मोठ्या काकांनी टू-इन-वनवर आजीचं गाणं भरून घेतलं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात कानबाई बसते, रोट होतात, रात्रभर बाया अहिराणीत गातात आणि सोमवारी विसर्जन. आजीला शंभरावर गाणी यायची. लिहिलेलं एकही नाही. ती २००९ मध्ये गेली.

कॅसेट आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मलाही. "एकदा कॉम्प्युटरवर घ्यायला पाहिजे," हे वाक्य मी दहा वर्षं म्हटलं. त्या दहा वर्षांत मी तीन हेडफोन, एक डॅक आणि दोन वायरी घेतल्या. एक वायर सातशे रुपयांची होती.

मित्राच्या घरून आल्यावर, तिसऱ्या दिवशी, मी गावी गेलो. पत्र्याखालच्या माळ्यावर मे महिन्यात हात ठेवता येत नाही. दहा दहा उन्हाळे ती पेटी तिथे भाजत होती. कॅसेटचं कवच वाकलेलं. आत टेपला हेडवर दाबून धरणारी छोटी फेल्टची गादी असते, ती गळून पडलेली. एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांनी टेप दुसऱ्या कवचात घातली, हेडचा कोन स्क्रूने जुळवला आणि पैसे घ्यायला नकार दिला.

बाजू ब वर कुणीतरी भावंडाने हिंदी सिनेमाची गाणी भरून टाकली होती. बाजू अ वर मध्ये मध्ये नुसती घरघर. धड उरली अकरा मिनिटं.

त्या अकरा मिनिटांत पाऊस आहे. कुणीतरी खोकतंय. आजी गाता गाता थांबते, काकांना म्हणते, "बंद कर रे भाऊ ते, माले लाज वाटस," आणि मग दुसरीच बाई ओळ उचलते. ती कोण, हे सांगणारं आता घरात कुणी नाही. साध्या कॅसेटवरचा हा आवाज आठ-नऊ बिटांत मावेल. मी तो फोनच्या फुटक्या स्पीकरवर वडिलांना ऐकवला. त्यांनी बॅकग्राउंड काळीकुट्ट आहे का, हे विचारलं नाही.

उरलेली पस्तीसेक मिनिटं मी घालवली. उन्हाने नाही, कंपनीने नाही. मी.

हाय-रेज वापरायचंच असेल तर

बहिणाबाई चौधरी आमच्या आसोद्याच्या. जळगावहून अगदी जवळ. लिहिता-वाचता येत नव्हतं, घरातली-शेतातली कामं करताना गात गेल्या. मुलाने, सोपानदेवांनी, आणि नात्यातल्या माणसांनी जे टिपलं तेवढं राहिलं. त्या १९५१ च्या डिसेंबरात गेल्या, पुस्तक आलं १९५२ मध्ये. भारतात तबकडी येऊन तेव्हा एकोणपन्नास वर्षं झाली होती. यंत्र होतं, कंपन्या होत्या, फिरते रेकॉर्डिस्ट होते. त्यांच्या तोंडून त्यांचं गाणं कसं यायचं, हे मी कुठेही ऐकलेलं नाही. शब्द आहेत, चाल दुसऱ्यांची आहे.

उलट उदाहरणही मराठीतच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातल्या पुष्कळ ध्वनिमुद्रित आहेत. 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळतात. ओवीशेजारी बाईचं नाव आहे आणि गाव आहे. चांदीच्या वायरीवाचून.

आणि आता गंमत बघा. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ हा आकडा निरुपयोगी अजिबात नाही. जगभरचे ध्वनिसंग्रह जुन्या टेपा उतरवताना तोच वापरतात. का? कारण उतरवणं एकदाच होतं. आवाज कुठे अचानक चढेल माहीत नसतं, म्हणून पातळी खाली ठेवून भरावं लागतं आणि चोवीस बिटांत तेवढी मोकळी जागा मिळते. पुढे खरखर काढायची झाली तर बारीक तपशील हाताशी असतो. म्हणजे हे बिट भरणाऱ्याच्या कामाचे आहेत. बाजाराने ते ऐकणाऱ्याला विकले.

म्हणून माझं मागणं साधं आहे. कंपन्यांकडे : शिक्का लावायचा तर डबीवर नको, दागिन्यावर लावा. कशावरून उतरवलं, कुणी, कधी, आणि वाजवलं कुणी, एवढं लिहा. सराफ बाजारात जे चालत नाही ते गाण्यात का चालावं?

आणि तुमच्याकडे : तुमच्या खिशातल्या फोनच्या रेकॉर्डर ॲपमध्ये बहुतेक वेळा वेव्ह किंवा लॉसलेस असा पर्याय सापडतो, नसला तर तसं ॲप फुकट मिळतं. तो चालू करा. फोन एअरप्लेनवर टाका, गोधडीवर ठेवा, गाणाऱ्या माणसापासून हातभर अंतरावर. सुरुवातीला तिला तिचं नाव, गाव आणि तारीख बोलायला सांगा, गौहर जानसारखं. ती लाजेल. थांबा. फाइल दोन वेगवेगळ्या घरांत आणि एकदा क्लाउडवर ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवून समाधान मानू नका, ते आवाज दाबतं.

मित्राला मी हे सगळं परवा फोनवर सांगितलं. तो आधी चिडला. मग बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, त्याची पारोळ्याची आत्या अजून गाते, ऐंशीची आहे.

या कानबाईला आम्ही दोघं जातोय. त्याचं यंत्र घेऊन. पंखा बंद करायचाच असेल, तर आत्या गाताना करू.